सरबत

सरबत : फळांचा रस किंवा फुले, मुळे व पाने यांचा अर्क साखर, गूळ अथवा मध यांच्या पाकात मुरवून केलेले आणि पाणी घालून प्यावयाचे आंबटगोड पेय. ज्या दाट पाकापासून हे पेय सिद्ध होते, त्यासही व्यवहारात सरबतच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः घरी करून ठेवावयाच्या या पाकाचा, विशेषेकरून महाराष्ट्रातील त्याच्या इतिहासाचा विचार केला आहे. ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून शराब व शरबत हे दोन्ही शब्द झाले आणि फार्सीच्या द्वारे ते मराठीत आले. त्यांतील पहिला मद्याचा, तर दुसरा निर्मद्य पेयाचा वाचक ठरला. इंग्रजीतील सिरप, शर्बेट व श्रब आणि फ्रेंचमधील सॉर्बे हे शब्दही याच कुळातील होत.

सरबतास तीन गोष्टी लागतात : आंबट द्रव्य, गोड द्रव्य आणि ते टिकविण्याची युक्ती. सरबताचा इतिहास हा बव्हंशी या तिहींच्या मूलस्रोतांचा इतिहास आहे. पश्चिम आशियात व यूरोपात आंबटपणासाठी शिरक्याचा (व्हिनेगरचा) मोठ्या प्रमाणावर अवलंब झाला. महाराष्ट्राने मात्र कैरी, चिंच, लिंबू, आवळा व कोकम या फळांतील नैसर्गिक अम्लांवरच भिस्त ठेवली. गोडीसाठी प्रथम गूळ व नंतर साखर आली. साखर विपुल झाल्यावरच सरबत हे त्या दिवसापुरते पेय न राहता वर्षभर टिकणारा घरगुती साठा बनले. तथापि याच विपुलतेतून फळाविना केलेले कृत्रिम सरबतही बाजारात आले.

प्राचीन पानके : सरबत हा शब्द परका असला, तरी फळांच्या गोड पेयाची कल्पना भारतात प्राचीन आहे. संस्कृतात अशा पेयास ‘पानक’ म्हणतात व मराठीतील ‘पन्हे’ हा शब्द त्यापासूनच आला, असे मानले जाते. बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंना माध्यान्हीनंतर घेण्यास अनुज्ञा असलेली आठ पेये सांगितली आहेत. त्यांत आंबा, जांभूळ, द्राक्ष व फालसा यांच्या पेयांचा समावेश होतो. माध्यान्हीनंतर घन आहार वर्ज्य असलेल्या भिक्षूंना तहान व थकवा शमविण्यास ती उपयोगी पडत. आयुर्वेदीय ग्रंथांत पानकांचे गुणधर्म वर्णिलेले आढळतात. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाश या ग्रंथात कच्चा आंबा, चिंच व लिंबू यांच्या पानकांच्या कृती आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथातही राजाच्या उपभोगांत पाणी व पेये यांचा विचार केलेला आहे.

आंबवून आंबट केलेले द्रवही प्राचीन भारतीयांना अपरिचित नव्हते. आयुर्वेदात कांजिक, शुक्त व चुक्र अशा आंबविलेल्या द्रवांची वर्णने आहेत. त्यांचा उपयोग मुख्यतः औषधांत होई. पानकांचा आंबटपणा मात्र फळांतूनच येई, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात पन्ह्याला धार्मिक व सामाजिक स्थान लाभले. चैत्रात गौर बसविल्यावर होणाऱ्या हळदीकुंकवास कैरीचे पन्हे व आंब्याची डाळ देण्याचा प्रघात आहे. त्या सुमारास कैऱ्यांना पाड लागलेला नसतो, उन्हाचा ताप वाढलेला असतो आणि घरात नव्या हंगामाचा गूळ असतो. कैरी उकडून वा निखाऱ्यावर भाजून तिचा गर काढावयाचा, त्यात गूळ, मीठ व वेलदोडा घालावयाचा, अशी ही कृती ऋतूशी नेमकी जुळलेली आहे. परंतु गुळाचे पन्हे फार दिवस टिकत नाही. गुळात ओलावा व अपवृत्त शर्करा (ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे मिश्रण) अधिक असते. त्यामुळे गर पातळ राहिल्यास तो लवकर फसफसतो. पन्हे हे त्यामुळे साठ्याचे पेय न होता प्रसंगाचे पेय राहिले.

शिरक्याची सरबते : शिरका हा दुहेरी किण्वनाचा परिणाम होय. प्रथम यीस्टमुळे रसातील शर्करेचे अल्कोहॉल होते व नंतर हवेच्या सान्निध्यात ॲसिटोबॅक्टर वर्गातील जंतूंमुळे अल्कोहॉलचे ॲसिटिक अम्ल होते. या दुसऱ्या क्रियेतील जीवांचे कार्य फ्रेंच शास्त्रज्ञ लूई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात स्पष्ट केले. त्यापूर्वी हजारो वर्षे मनुष्य शिरका करीत होता. शिरका व मध यांचे मिश्रण प्राचीन ग्रीक वैद्यकात औषध म्हणून रूढ होते. इराणात शिरका (सिर्का) व मध (अंगबीन) या दोन शब्दांपासून ‘सिकंजबीन’ हे नाव तयार झाले व युनानी वैद्यकाबरोबर हे औषधी पेय भारतात आले. कालांतराने मधाची जागा साखरेने घेतली. उत्तर भारतात लिंबाच्या सरबतास आज ‘शिकंजी’ म्हणतात. नाव टिकले, परंतु ज्यावरून ते पडले तो शिरका मात्र पेयातून नाहीसा झाला. परदेशी कृती स्थानिक फळाला शरण गेल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

यूरोपातही फळे शिरक्यात भिजवून, गाळून व साखर घालून पाक करण्याची पद्धत होती. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका येथे अशा पाकांना ‘श्रब’ म्हणत. याच नावाने मद्ययुक्त पेयेही ओळखली जात. जेथे लिंबूवर्गीय फळे दुर्मिळ व महाग, तेथे सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा शिरका हा आंबटपणाचा स्वस्त व बारमाही स्रोत होता. श्रबचा उगम अशा निकडीत आहे.

दख्खनमध्ये बहमनी व त्यानंतरच्या आदिलशाही, निजामशाही आदी राजवटींच्या काळात फार्सी भाषेबरोबर गुलकंद, मुरंबा, सरबत हे शब्द व पदार्थ रूढ झाले. गुलाब, वाळा व चंदन यांची सरबते मराठी घरांनी स्वीकारली. पण शिरक्याचे सरबत सर्वत्र रुजले नाही. याची कारणे तीन दिसतात. पहिले म्हणजे आंबट फळांची विपुलता. दुसरे म्हणजे शिरका तयार होताना रस मद्याच्या अवस्थेतून जातो व मद्य वर्ज्य मानणाऱ्या घरांत त्याविषयी संकोच असे. इस्लामी धर्मशास्त्राने मद्य निषिद्ध मानूनही शिरका ग्राह्य ठरविला. मराठी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात असा स्पष्ट निवाडा झाला नाही. तिसरे कारण शासकीय आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी व माडी काढण्यावर परवान्याचे व कराचे बंधन आले आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ते अधिक कडक झाले. त्यामुळे ज्यापासून घरी सहज शिरका होऊ शकला असता, तो द्रवच घराबाहेर गेला.

जेथे ही बंधने वेगळी होती, तेथे शिरका नांदला. गोव्यात रेंदेरांनी माडापासून काढलेल्या सुरेचा शिरका मातीच्या भांड्यांत तयार होई. पोर्तुगीज शब्दावरून त्यास ‘विनागर’ म्हणतात व गोव्यातील ख्रिस्ती स्वयंपाकात त्याचे स्थान मोठे आहे. पारशी समाजात उसाच्या रसाचा शिरका प्रिय असून, त्यासाठी गुजरातमधील नवसारी हे गाव एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. जांभळाचा शिरका पचनास हितकर म्हणून युनानी व घरगुती औषधांत वापरला जातो. ही उदाहरणे पाहता महाराष्ट्राच्या सीमेवर व मुंबईसारख्या नगरात शिरका परिचित होता, परंतु मराठी सरबताचा तो पाया झाला नाही.

कोकम : मराठी प्रदेशात शिरक्याचे काम ज्या फळाने सर्वाधिक केले, ते कोकणातील कोकम किंवा रातांबा (गार्सिनिया इंडिका) होय [→ कोकम]. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व किनारपट्टीत वाढणाऱ्या या वृक्षाची फळे एप्रिल ते जूनमध्ये पिकतात. सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल व अँथोसायनीन वर्गातील लाल रंगद्रव्ये असतात. साल रसात पुन्हा पुन्हा भिजवून व वाळवून आमसुले होतात. मीठ घालून काढलेल्या रसास आगळ म्हणतात. बियांपासून कोकमतेल निघते. सरबतासाठी ताज्या सालीच्या वाट्या करून त्यांत साखर भरतात व त्या बरणीत थरांनी रचतात. साधारणपणे सालीच्या दुप्पट साखर लागते. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ती काही दिवस उन्हात ठेवली, की साखर सालीतील रस ओढून घेते आणि अग्नीचा स्पर्श न होता गडद लाल पाक तयार होतो. ही क्रिया तर्षणाची (ऑस्मॉसिसची) होय.

या कृतीमागे आर्थिक प्रश्नही आहे. कोकमाच्या हंगामाचा शेवट पावसाच्या आरंभाशी जुळतो. वळवाच्या वा मॉन्सूनच्या सरी आल्या, की आमसुले वाळत नाहीत व झाडाखाली पडलेली फळे कुजतात. साखर हाताशी असेल, तर तेच फळ सुकविण्यावाचून वाचविता येते. अर्थात कोकमाचे सरबत कोकणात कितपत होणार, हे घाटावरच्या साखरेवर अवलंबून राहिले. १९७२ मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने या फळावर संशोधन केले आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी या जिल्ह्यांत बचत गट व लहान उद्योग यांनी सरबताला बाजार मिळवून दिला.

साखर आणि वारणा खोरे : विसाव्या शतकाच्या आरंभी पांढरी साखर ही सामान्य मराठी घरात पाहुण्यांसाठी व सणासाठी राखलेली वस्तू होती. कोल्हापूरच्या परिसरात उसाचा मुख्य उपयोग गुळासाठी होई व शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी ही गुळाची मोठी पेठ बनली. १९३२ च्या संरक्षक कायद्याने आयात साखरेवर जकात बसून देशी कारखान्यांना चालना मिळाली. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर साखर नियंत्रणाखाली आली. पाकासाठी किलोगणती साखर लागत असल्याने शिधापत्रिकेवर अवलंबून असलेल्या घरांत सरबताचा साठा करणे कठीण होते.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखान्यांनी ही स्थिती बदलली. प्रवरानगर येथील सहकारी कारखान्यात १९५०–५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यात वारणा नदीच्या खोऱ्यात, कोडोलीजवळच्या माळरानावर, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व त्याभोवती वारणानगर ही वसाहत वाढली. दूध संघ, ग्राहक भांडार, बँक व शिक्षणसंस्था यांची जोड मिळून एका कारखान्याभोवती खेड्यांचे अर्थजीवन कसे संघटित होते, याचे ते एक उदाहरण ठरले.

सरबताच्या इतिहासात अशा वसाहतीचे महत्त्व कारखान्याच्या उत्पादनापेक्षा शेतकऱ्याच्या घरी पोहोचलेल्या साखरेत आहे. महाराष्ट्रातील सहकारी कारखाने ऊस पुरविणाऱ्या सभासदांस सवलतीच्या दराने साखर देतात. त्यामुळे १९६७ नंतर लेव्हीची व खुल्या बाजाराची अशा दुहेरी दरांची पद्धत आली, तरी ऊस उत्पादकाच्या घरात साखरेचे पोते येत राहिले (कारखान्यांवरील लेव्हीचे बंधन २०१३ मध्ये उठले). पन्हाळा व शाहूवाडीच्या डोंगरांत उन्हाळ्यात करवंदे व जांभळे होतात, खालच्या मळ्यांत लिंबू, आंबा व आवळा. ही फळे ऐन हंगामात कवडीमोल होतात. पोत्यातील साखर व बांधावरील फळ एकत्र आले, की सरबत, मोरावळा व साखरांबा यांच्या बरण्या भरतात. उसाचे मोल कारखान्यात वजनकाट्यावर ठरते व त्याची नोंद राहते. घरातील स्त्रीने फळाचे वाचविलेले मोल मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाही.

कृती व त्यांचे शास्त्र : एक किलोग्रॅम साखरेस अर्धा लिटर पाणी घेतल्यास पाकात साखरेचे प्रमाण सु. ६७ टक्के होते. साधारणपणे ६५ टक्क्यांवर साखर असली, म्हणजे बहुतेक जंतूंना वाढीस लागणारे पाणी उरत नाही. रस घालताच हे प्रमाण उतरते. म्हणून पाक एकतारी करतात किंवा साखर वाढवितात. उकळताना दुधाचा एक चमचा घातल्यास मळी वर येते व ती काढून टाकता येते. थोडा लिंबाचा रस घातल्यास अम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि पाक नंतर खडीसाखरेसारखा जमत नाही. लिंबाचा रस पाक निवल्यावर घालणे इष्ट, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. बिया चिरडल्या गेल्यास सरबत कडू होते.

शिरक्याचे सरबत करावयाचे असल्यास मऊ फळाच्या फोडी समभाग साखरेत एक-दोन दिवस थंड जागी झाकून ठेवतात. सुटलेला रस गाळून त्यात चवीपुरता शिरका मिसळतात. सिकंजबिनाच्या पद्धतीत पाक उकळत असतानाच शिरका घालतात व निवताना पुदिना टाकतात. ५ टक्के अम्लाच्या एका भाग शिरक्यास चार भाग पाक घेतला, तर मिश्रणात सु. १ टक्का ॲसिटिक अम्ल राहते व पाच-सहापट पाणी घातल्यावर त्याची तीव्रता सौम्य होते. घरी आंबविलेल्या शिरक्याचे अम्लप्रमाण निश्चित नसते. त्यामुळे टिकाऊपणासाठी त्यावर विसंबू नये.

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवल्यास कळकतो, हे मराठी गृहिणीस परंपरेने ठाऊक होते. अम्लात तांबे विरघळून विषारी लवणे होतात, हे त्यामागील रासायनिक कारण होय. म्हणून काच, चिनी माती किंवा निष्कलंक पोलाद यांची भांडी वापरतात. ४·६ पेक्षा कमी पीएच मूल्य असलेल्या पदार्थांत बोट्युलिझम हा घातक रोग उत्पन्न करणारे जंतू वाढत नाहीत. लिंबू, कोकम व कैरी यांच्या सरबतांना हे संरक्षण जन्मतःच लाभते. बुरशी व यीस्ट यांना मात्र आंबटपणा मानवतो. बरणी कोरडी नसेल, तर तेच सरबत बिघडवितात.

कमी साखरेच्या स्क्वॅशसारख्या प्रकारांत परिरक्षक घालावे लागते. फिकट रंगाच्या रसांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकम व जांभूळ यांचा रंग उडवीत असल्याने अशा रसांसाठी सोडियम बेंझोएट योग्य ठरते.

बाजार व नियमन : युनानी दवाखान्यांतील औषधी सरबते बाटलीत भरून विकण्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरुवात झाली. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याचे रूह अफ्ज़ा हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. महाराष्ट्रात पाचगणी–महाबळेश्वर परिसरात स्ट्रॉबेरी आदी फळांच्या पाकांचा उद्योग १९५९ पासून वाढला. १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने फळाच्या सिरपमध्ये निदान २५ टक्के रस व ६५ टक्के विद्राव्य घन पदार्थ, तर स्क्वॅशमध्ये २५ टक्के रस व ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ असावेत, असे ठरविले. याहून कमी रस असलेल्या पेयास कृत्रिम सरबत असे म्हणणे बंधनकारक झाले. साखर, सायट्रिक अम्ल, रंग व सुगंध यांपासून फळाविना सरबत करणे सोपे व स्वस्त असल्याने हा भेद आवश्यक होता. २०११ मध्ये अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याखालील विनियम अंमलात आल्यावर हा आदेश संपुष्टात आला. शिरक्याबाबतही आंबवून केलेला व ॲसिटिक अम्ल पाण्यात मिसळून केलेला असा भेद कायद्याने केला आहे.

आहाराच्या दृष्टीने सरबताकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. ६५ टक्के साखरेचे ४० मिलि. सरबत एका पेल्यात घेतल्यास सु. ३४ ग्रॅ. साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार २,००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढाने अशी साखर दिवसाकाठी ५० ग्रॅ. पेक्षा कमी ठेवावी. यास्तव मधुमेहींनी सरबत वर्ज्य करणे व इतरांनी ते बेताने घेणे श्रेयस्कर होय. शिरक्याच्या पेयांना जी औषधी ख्याती दिली जाते, ती सावधपणे स्वीकारावी. वारंवार घेतलेल्या तीव्र आंबट पेयाने दातांचे एनॅमल झिजते.

शिरक्याला मराठी सरबतात अल्प स्थान मिळाले, याचे कारण रुचीचा अभाव हे नसून झाडावरच आंबट द्रव्य उपलब्ध होते, हे आहे. साखरेने त्या द्रव्याला टिकाऊपणा दिला. आज साखर व सायट्रिक अम्ल कोठेही मिळते. कोकमाची ताजी साल, कैरीचा गर किंवा करवंदाचा रस मात्र हंगामातच व परिसरातच मिळतो. सरबताच्या किमतीतला कोणता भाग फळ पिकविणाऱ्यास व ते निवडून, सोलून मुरविणाऱ्यास मिळतो, यावर या जुन्या गृहोद्योगाचे भवितव्य अवलंबून आहे.